‘अचानक’ काही होत नाही: सेप्सिसमध्ये नर्स काय बघते आणि काय करते

एखाद्या नामांकित व्यक्तीचं उपचारादरम्यान निधन झालं की बातमीत दोन वाक्यं हमखास वाचायला मिळतात. ‘उपचारांना प्रतिसाद देत असतानाच त्यांची प्रकृती अचानक खालावली’, आणि त्याखाली, ‘संसर्ग शरीरभर पसरून अनेक अवयव निकामी झाले’. वाचणारा बुचकळ्यात पडतो. काल तर बरं होतं म्हणे, मग एका रात्रीत असं काय झालं?

मी नर्स आहे. बरीच वर्षं वॉर्डात आणि अतिदक्षता विभागात काढली, आता नव्या मुलींना शिकवते. त्या बातमीतला ‘अचानक’ हा शब्द मला दर वेळी टोचतो, कारण बहुतेक वेळा तसं काही अचानक घडलेलं नसतं. १९९० मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात, वॉर्डात असताना हृदय बंद पडलेल्या ६४ रुग्णांचे कागद तपासले गेले. आजार वेगवेगळे होते. पण त्यातल्या ८४ टक्के रुग्णांच्या कागदांवर आधीच्या आठ तासांत तब्येत ढासळत चालल्याच्या किंवा नवी तक्रार सुरू झाल्याच्या नोंदी सापडल्या. म्हणजे कुणीतरी ते आकडे पाहिले होते आणि स्वतःच्या हाताने लिहिलेही होते.

आकडा लिहिणं आणि आकडा कळणं यात जे अंतर आहे, त्याबद्दल मला सांगायचं आहे. सेप्सिसमध्ये त्या अंतराची किंमत फार मोठी असते.

संसर्ग वेगळा, सेप्सिस वेगळा

जखमेत पू झाला की आपण ‘सेप्टिक झालं’ म्हणतो. ते सेप्सिस नव्हे. जंतू शरीरात शिरला आणि एका जागी गडबड करू लागला, की तो संसर्ग. शरीर त्याच्याशी लढतं आणि बहुतेक वेळा जिंकतं. पण कधीकधी या लढाईचा तोल सुटतो. प्रतिकारशक्ती जंतूपुरती न राहता शरीराच्या स्वतःच्याच अवयवांना इजा करू लागते. संसर्गाला दिलेल्या अशा बेताल प्रतिसादामुळे अवयवांचं काम बिघडून जिवावर बेतणं म्हणजे सेप्सिस. २०१६ मध्ये जगभरातल्या तज्ज्ञांनी मिळून केलेली व्याख्या साधारण अशीच आहे.

सुरुवात कुठूनही होऊ शकते: न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग, पोटातला गळू, चिघळलेली जखम, बाळंतपणानंतरचा ताप. बहुतेकदा जिवाणू असतात, पण विषाणू, बुरशी किंवा मलेरियाचा परजीवीही हेच करू शकतो. २०१७ या एका वर्षात जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख लोक त्यात दगावले, असा अंदाज आहे. त्या वर्षीच्या दर पाच मृत्यूंमागे जवळपास एक. त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेने सेप्सिसवर खास ठराव केला. एवढ्या मोठ्या आजाराचं नाव मात्र बहुतेक घरांत पहिल्यांदा ऐकलं जातं ते अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर.

टाकी, पंप आणि वरच्या मजल्याचा नळ

शरीरात काय चाललेलं असतं हे समजायला एक उंच इमारत डोळ्यांपुढे आणा. खाली पंप, तिथून निघालेले पाइप, प्रत्येक मजल्यावर नळ. पंप म्हणजे हृदय, पाइप म्हणजे रक्तवाहिन्या, आणि नळ म्हणजे मूत्रपिंड, मेंदू, यकृत, कातडी.

आता समजा सगळे पाइप आपोआप रुंद झाले आणि त्यांचे जोड झिरपायला लागले. पाणी तेवढंच आहे, पण ते मोकळ्या पाइपांत पसरतंय आणि वाटेत गळतंय. दाब पडायला हवा. पण लगेच पडत नाही, कारण पंप जोरात चालायला लागतो. नाडी वाढते ती यासाठी. शिवाय शरीर कमी महत्त्वाच्या मजल्यांचे नळ आवळून घेतं, म्हणून पुढे हातपाय गार पडतात. (अगदी सुरुवातीला ते उलट गरमही लागतात, तेव्हा गरम हाताला भुलू नये.) या खटपटीमुळे पंपाशेजारच्या काट्यावर दाब ठीकच दिसत राहतो. तो काटा म्हणजे आपलं बीपी. खाली काटा ठीक, आणि वरच्या मजल्यावर नळाची धार केव्हाच बारीक झालेली.

रुग्णाच्या बाबतीत ती बारीक झालेली धार दोन ठिकाणी दिसते. लघवी कमी होते आणि डोकं नीट चालत नाही.

तरुण, धडधाकट माणसाचा पंप दमदार असतो, त्यामुळे त्याचा काटा फार वेळ टिकतो आणि मग एकदम कोसळतो. ‘बीपी चांगलं आहे’ या वाक्याने मी जितक्या लोकांना निर्धास्त होताना पाहिलंय, तितक्यांना दुसऱ्या कुठल्याही वाक्याने नाही.

श्वास मोजायला एक मिनिट लागतं

या सगळ्यात फार लवकर बदलणारी आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे श्वासाचा वेग.

पेशींना ऑक्सिजन पुरेसा मिळेना किंवा वापरता येईना, की लॅक्टेट नावाचा पदार्थ रक्तात साठू लागतो आणि रक्त आम्लाकडे झुकतं. आम्ल कमी करायचा शरीराकडे एक झटपट मार्ग असतो: भराभर श्वास सोडून कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणं. म्हणून फुप्फुसं धडधाकट असली तरी श्वास वाढतो. ताप नसताना, दम लागतोय अशी तक्रार नसताना वाढतो. मिनिटाला १६ चे २० होतात, २० चे २४.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर हे सांगत नाही. तो रक्तातला ऑक्सिजन दाखवतो, आणि मिनिटाला २६ श्वास घेऊन रुग्णाने तो ९७ वर टिकवून धरलेला असू शकतो. पडद्यावरचा ९७ बघून सगळे खूश. तो राखायला रुग्णाला किती मेहनत पडतेय, हे त्याच्या छातीकडे बघितल्याशिवाय कळत नाही.

आणि नेमका हाच आकडा चार्टवर सर्वाधिक वेळा अंदाजाने भरला जातो. बीपीला यंत्र आहे, नाडीला यंत्र आहे, तापाला थर्मामीटर आहे. श्वास मोजायला मात्र माणसाला पूर्ण एक मिनिट खाटेशी उभं राहावं लागतं. ज्या वॉर्डात सगळ्यांचाच श्वास ‘१८’ किंवा ‘२०’ लिहिलेला दिसतो, तिथे कुणाचाच मोजलेला नाही असं मी सरळ समजते.

मी मुलींना अशी पद्धत शिकवते. रुग्णाचं मनगट हातात धरायचं, नाडी मोजतोय असं दिसू द्यायचं, आणि नजर छाती-पोटावर ठेवायची. ‘तुमचा श्वास मोजतेय’ म्हटलं की माणूस नकळत वेगळा श्वास घेऊ लागतो. अंगावर जाड पांघरूण असेल तर त्याचाच हात अलगद पोटावर ठेवायचा. हात वर-खाली होताना दिसतो. घड्याळाचा काटा पूर्ण फिरू द्यायचा. त्या एका मिनिटात आणखी कितीतरी कळतं: बोलताना वाक्य तुटतंय का, मनगट चिकट लागतंय का, ओठांचा रंग कसा आहे, नजरेला नजर मिळतेय का. त्वचा सावळी असेल तर रंगातला फरक चटकन दिसत नाही. तेव्हा ओठांच्या आतली बाजू, तळहात, नखं आणि खालच्या पापणीच्या आत बघायचं.

एक रात्र

मला नर्स होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. रात्रपाळी होती. लघवीच्या संसर्गासाठी दाखल झालेल्या, सत्तरीच्या आसपासच्या एक आजी. दुसरा दिवस, अँटिबायोटिक चालू, संध्याकाळी तापासाठी पॅरासिटामॉल दिलेलं. खालच्या बाकावर लेक झोपलेली.

रात्री दहाला सगळं छान होतं. श्वास १८, ऑक्सिजन ९७, बीपी १२८/७६, नाडी ८८, ताप ३७.६ अंश सेल्सिअस. आजी बोलत होत्या.

बाराच्या सुमारास त्यांनी हाक मारली. “थंडी वाजतेय गं, आणखी एक पांघरूण दे.” दात वाजत होते. मी पांघरूण दिलं आणि पुन्हा बघितलं. श्वास २१, ऑक्सिजन ९६, बीपी ११८/६६, नाडी ९८, ताप ३७.२. ताप उतरतोय, असं मला वाटलं. त्याचं समाधानही वाटलं.

दोन वाजता लेक टेबलापाशी आली. “सिस्टर, आई मला मावशीच्या नावाने हाक मारतेय. झोपेत असेल, पण ती असं कधी करत नाही.”

मी जाऊन पाहिलं. श्वास २४, ऑक्सिजन ९५, बीपी १०८/५८, नाडी ११२, ताप ३६.४. लघवीच्या पिशवीत दोन तासांत जेमतेम ३० मिली, गडद रंगाची. आजींनी मला विचारलं, सकाळ झाली का. मी नाही म्हटलं. अर्ध्या मिनिटाने त्यांनी पुन्हा तेच विचारलं.

हे आकडे एकेकटे पाहा. १०८ बीपी कुणालाही असू शकतं. ताप तर नाहीच. ९५ ऑक्सिजन वाईट नाही. एकही आकडा आरडाओरड करत नाही. दहा, बारा आणि दोन या तीन वेळा शेजारी शेजारी ठेवल्या, की मात्र चित्र लख्ख दिसतं: श्वास आणि नाडी चढतायत, बीपी आणि लघवी उतरतेय, शुद्ध ढळतेय. सगळ्या रेषा एकाच दिशेने निघाल्यात.

मी ड्युटीवरच्या डॉक्टरांना फोन केला आणि म्हणाले, “सर, पेशंट बरा वाटत नाहीये.” त्यांनी विचारलं, बीपी किती? मी सांगितलं १०८. ताप? नाही म्हटलं. “अँटिबायोटिक चालू आहे ना? सलाईन चालू ठेवा, येतो राउंडला.” फोन ठेवला गेला. दोष त्यांचा नव्हता. ढासळत चाललेल्या रुग्णाचे मी त्यांना नेमके दोनच आकडे दिले होते, आणि तेही वरवर ठीक दिसणारे.

आकड्यांची बेरीज कशासाठी

अशा रेषा डोळ्यांना पटकन दिसाव्यात म्हणून बऱ्याच देशांत गुण देण्याची पद्धत वापरतात. ब्रिटनमधल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये एक तक्ता काढला आणि २०१७ मध्ये तो सुधारला. त्याला न्यूज-२ म्हणतात. श्वासाचा वेग, ऑक्सिजनची पातळी, बाहेरून ऑक्सिजन चालू आहे का, वरचं बीपी, नाडी, शुद्ध आणि ताप या सात गोष्टींना शून्य ते तीन गुण. सर्वसाधारण पातळीपासून जितकं लांब, तितके गुण जास्त. बेरीज पाच झाली की तातडीने डॉक्टरांनी बघायचं आणि दर तासाला तपासायचं. सात किंवा त्याहून जास्त झाली, तर आणीबाणी समजून अनुभवी पथकाला बोलवायचं. एकाच गोष्टीला तीन गुण मिळाले तरी डॉक्टरांना कळवायचं.

आजींना हे गुण लावून बघू. दहा वाजता शून्य. बाराला तीन: श्वासाचे दोन, नाडीचा एक. दोन वाजता श्वासाचे दोन, नाडीचे दोन, ऑक्सिजनचा एक, बीपीचा एक, म्हणजे सहा. आणि नव्याने आलेला गोंधळ धरला तर त्याचे तीन, एकूण नऊ. तो गोंधळ ‘झोपेत असेल’ म्हणून सोडला तर सहा, आणि ‘ती असं कधी करत नाही’ हे ऐकलं तर नऊ.

म्हणूनच ‘आज दिवस कोणता, तुम्ही कुठे आहात’ हे विचारणं महत्त्वाचं असतं. नातेवाइकांना कधीकधी ते प्रश्न उगाचचे वाटतात. विचारू द्यावेत.

हा तक्ता मोठ्यांसाठी आहे. १६ वर्षांखालच्या मुलांना आणि गर्भवतींना तो लागू होत नाही. त्यांचे आकडे मुळातच वेगळे असतात आणि त्यांच्यासाठी वेगळे तक्ते असतात. गुण जास्त आले म्हणजे सेप्सिसच आहे असंही नाही. रक्तस्राव असेल, हृदयाचा झटका असेल, फुप्फुसात गुठळी असेल. तक्ता एवढंच सांगतो की हा रुग्ण ढासळतोय. त्यात संसर्गाची शंका असेल, किंवा संसर्ग माहीतच असेल, तर पहिला विचार सेप्सिसचा करायचा.

आणि गुण कमी असूनही नर्सला रुग्ण ‘ठीक वाटत नाही’, असं घडतं. ते मनाचे खेळ म्हणून झटकायचं नसतं. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी नर्सच्या अशा काळजीमागे काय दडलेलं असतं ते शोधून नऊ खुणा काढल्या: श्वासात बदल, रक्ताभिसरणात बदल, हुडहुडी, वागण्या-बोलण्यातला फरक, अस्वस्थता, वेदना, आजाराचा अनपेक्षित प्रवास, रुग्णाचं स्वतःचं ‘मला बरं वाटत नाही’ हे म्हणणं, आणि नर्सला जाणवलेलं पण शब्दांत न येणारं काहीतरी. यातल्या बऱ्याचशा खुणा कुठल्याही मॉनिटरवर उमटत नाहीत.

फोनवर काय बोलायचं

मी दहा मिनिटांनी पुन्हा फोन केला. वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरांनी मला आधी एका कागदावर चार ओळी लिहायला लावल्या. एसबार म्हणतात त्या पद्धतीला. मूळची अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरची, पुढे इस्पितळांनी उचललेली. आत्ता काय चाललंय, मागची हकीकत काय, मला काय वाटतं, आणि मला तुमच्याकडून काय हवंय.

“सर, लघवीच्या संसर्गाच्या आजींबद्दल पुन्हा बोलतेय. दहा वाजल्यापासून श्वास १८ वरून २४, नाडी ८८ वरून ११२, बीपी १२८ वरून १०८. नव्याने गोंधळ आहे, लेकीला ओळखत नाहीत. दोन तासांत लघवी ३० मिली. कालपासून अँटिबायोटिक चालू आहे. मला सेप्सिस वाटतोय. तुम्ही आत्ता येऊन बघावं.”

ते पाच मिनिटांत आले.

शेवटचं वाक्य सगळ्यात जड जातं. ‘तुम्ही आत्ता या’ असं नव्या नर्सच्या तोंडून सहज निघत नाही. आणि कुणी आलंच नाही तर त्यांच्या वरच्यांना, मग त्यांच्याही वरच्यांना कळवायचं असतं. काही जणींना तो आगाऊपणा वाटतो. ते नर्सचं कामच आहे, हे मी पहिल्याच तासाला सांगून टाकते.

पहिल्या तासात

ब्रिटनमध्ये रॉन डॅनियल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ च्या सुमारास सहा गोष्टींचा एक संच बसवला, ‘सेप्सिस सिक्स’. तीन द्यायच्या: ऑक्सिजन, अँटिबायोटिक, सलाईन. तीन घ्यायच्या: रक्ताचं कल्चर, लॅक्टेट, लघवीचं माप. तपशील पुढे बदलत गेले, सांगाडा तोच राहिला. औषधाचा हुकूम डॉक्टरांचा असतो, पण ही सहाही कामं शेवटी होतात ती नर्सच्या हातून.

ऑक्सिजन सरसकट नाही, कमी असेल तर. बहुतेकांना ९४ ते ९८ च्या दरम्यान, आणि फुप्फुसाच्या काही जुन्या आजारांत ८८ ते ९२ पुरतो. लॅक्टेट लिटरमागे दोन मिलिमोलच्या वर असेल तर पेशी उपाशी आहेत असं धरून पुढे पुन्हा मोजायचं. लघवी तासाला किलोमागे अर्धा मिली तरी हवी. ६० किलोच्या माणसाला तासाला ३०. आजींना दोन तासांत तेवढी झाली होती, म्हणजे निम्मी.

कल्चर म्हणजे रक्त बाटलीत घालून त्यातला जंतू वाढवून ओळखणं. ते अँटिबायोटिकच्या आधी घ्यायचं, नाहीतर जंतू बाटलीत बरेचदा उगवत नाही आणि पुढचे चार दिवस अंधारात औषध द्यावं लागतं. पण शीर मिळेना म्हणून तासभर अँटिबायोटिक अडवून ठेवायचं नाही.

अँटिबायोटिकबद्दल एक गोष्ट वॉर्डाबाहेर फारशी माहीत नसते. डॉक्टर अडीचला औषध लिहितात. मग ते औषधालयातून येतं, विरघळवलं जातं, तोवर कॅन्युला (शिरेत घातलेली बारीक नळी) बंद पडलेली असते, ती नवी घालावी लागते, मध्येच शेजारचा रुग्ण बोलावतो. साडेचार वाजतात. कागदावर वेळ अडीचची, शिरेत औषध पोचलं साडेचारला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, सेप्टिक शॉकच्या रुग्णांत बीपी पडल्यानंतर योग्य अँटिबायोटिकला झालेल्या प्रत्येक तासाच्या उशिरामागे जगण्याचं प्रमाण सरासरी ७.६ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. (सलाईन पुरेसं देऊनही बीपी टिकत नाही, ते टिकवायला औषध लागतं आणि लॅक्टेटही चढलेलं राहतं, तो सेप्टिक शॉक, त्यात दहातले चारहून अधिक दगावतात.) म्हणून मी शिकवते की कॅन्युला दोन घाला, औषध आणायला कुणाला तरी लगेच पाठवा, आणि दोन अँटिबायोटिक असतील तर जी पटकन देता येते ती आधी द्या.

सलाईनचं गणित साधारण किलोमागे ३० मिली, पहिल्या तीन तासांत. म्हणजे ६० किलोला १८०० मिली. पण बाटली लावून निघून जायचं नाही. पाइप झिरपतायत हे आठवा. ते पाणी फुप्फुसातही झिरपू शकतं. थोडं द्यायचं, मग बघायचं: श्वास वाढला का, छातीत खरखर आली का, बीपी आणि लघवी सुधारली का. नखावर पाच सेकंद दाब देऊन सोडायचा. रंग परत यायला तीन सेकंदांहून जास्त लागत असतील तर रक्त अजून टोकापर्यंत पोचत नाहीये. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला तर दर बाटलीला बघायचं.

‘पण ताप तर नाही!’

वाचकांची ही शंका हमखास असते. सेप्सिसमध्ये ताप असतोच असं नाही. म्हाताऱ्या माणसांत, कर्करोगाचे उपचार चालू असलेल्यांत, स्टेरॉइड घेणाऱ्यांत ताप येत नाही किंवा थोडाच येतो. पॅरासिटामॉलने तो झाकला जातो. अंग ३६ अंशांच्या खाली थंड पडणं हे तर तापापेक्षा वाईट लक्षण. तसंच नाडीचं: बीपी-हृदयासाठी बीटा-ब्लॉकर गोळ्या चालू असतील तर नाडी फारशी वाढत नाही. म्हणून घरून आणलेल्या गोळ्यांची यादी नर्सला नक्की दाखवा.

‘उठसूट अँटिबायोटिक देण्याचं हे निमित्त तर नाही?’

ही काळजी अगदी रास्त आहे. औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे २०१९ मध्ये जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू झाले, असा अंदाज आहे. म्हणूनच २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी भेद केला. शॉक असेल किंवा सेप्सिसची दाट शक्यता असेल तर तासाभरात औषध. शंका आहे पण शॉक नाही, तर झटपट तपासण्या करून तीन तासांच्या आत निर्णय. कल्चरचा निकाल आला की औषध नेमकं करायचं, गरज नसेल तर बंद करायचं. साध्या सर्दी-तापाला अँटिबायोटिक मागणाऱ्यांना यातून काही आधार मिळत नाही.

‘आता यंत्रंच ओळखतील की’

मदत करतील, आणि करावी. पण अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या इस्पितळात तपासलेल्या एका प्रचलित सेप्सिस-इशारा प्रणालीचे निकाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात तिने तीनपैकी सुमारे दोन सेप्सिस रुग्ण हेरलेच नव्हते, आणि तरीही दाखल रुग्णांपैकी १८ टक्क्यांसाठी इशारे वाजवले होते. इतके इशारे वाजले की कान त्यांना सरावतात. ऑक्सिमीटरही गडद त्वचेवर प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतो. आणि यंत्राला दिलेला श्वासाचा आकडा अंदाजाने भरलेला ‘१८’ असेल, तर ते बिचारं काय ओळखणार?

मग तरीही का सुटतं?

खाटेशी नर्स पोचलीच नाही, तर वर सांगितलेलं सगळं कागदावर राहतं. पेनसिल्व्हेनियातल्या १६८ इस्पितळांच्या अभ्यासात, २००२ मध्ये, एका नर्सकडे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते असं दिसलं. श्वास मोजायला एक मिनिट लागतं असं मी म्हटलं. तीस रुग्ण असतील तर नुसता श्वास मोजायला अर्धा तास. हे गणित नर्सच्या कष्टाने सुटत नाही, माणसं वाढवावी लागतात. एखाद्या मुलीने ‘२०’ लिहून टाकलं म्हणून मी तिला रागावते, पण ती तिथे एकटी का होती हा प्रश्न मी तिला नाही, वरच्यांना विचारते.

नातेवाइकांचं म्हणणं

इंग्लंडमध्ये २०२१ साली मार्था मिल्स ही १३ वर्षांची मुलगी सेप्सिसने गेली. सायकलवरून पडून स्वादुपिंडाला मार लागला होता. तब्येत बिघडतेय असं आई-वडील सांगत होते, ते मनावर घेतलं गेलं नाही. तिला वेळेत अतिदक्षता विभागात हलवलं असतं तर ती बहुधा वाचली असती, असा निष्कर्ष पुढे चौकशीत निघाला. २०२४ पासून तिथल्या इस्पितळांत ‘मार्थाज रूल’ लागू होऊ लागला: रुग्णाला किंवा घरच्यांना काळजी वाटली तर ते दिवसरात्र केव्हाही वेगळ्या पथकाकडून तपासणी मागू शकतात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये असा नियम २०१३ पासून आहे.

तुमच्याकडे असा नियम नसला तरी तुम्ही बोलू शकता. ‘बरं वाटत नाहीये’ एवढ्यावर थांबू नका. सकाळी कसे होते आणि आता काय बदललं ते सांगा: श्वास भरभर घेतायत, दुपारपासून लघवीला गेलेले नाहीत, हुडहुडी भरून गेली, मला ओळखत नाहीत, हातपाय गार आहेत. आणि सरळ विचारा, ‘हा सेप्सिस असू शकतो का?’ घरी असताना संसर्ग झालेल्या माणसात हे दिसलं, तर सकाळची वाट न पाहता निघा.

त्या आजींना पहाटे अतिदक्षता विभागात हलवलं. अँटिबायोटिक बदललं, बीपीसाठी औषध चालू करावं लागलं. सहाव्या दिवशी त्या वॉर्डात परत आल्या, खूप थकलेल्या. दोन वाक्यं बोलून डोळे मिटायच्या. सेप्सिसमधून उठलेली माणसं घरी गेल्यावरही कितीतरी महिने अशी थकतात, विसरतात, रात्री दचकून उठतात, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावं लागतं.

त्या रात्रीचा चार्ट मी नंतर पुन्हा काढून पाहिला. दोनच्या रकान्यात, आकड्यांच्या खाली, मोठ्या सिस्टरांनी माझ्याकडून एक ओळ लिहून घेतली होती, वेळेसकट, लेकीच्याच शब्दांत: ‘आई मला मावशीच्या नावाने हाक मारतेय. ती असं कधी करत नाही.’